कमरेच्या मणक्यांची झीज : खुली शस्त्रक्रिया आणि अल्पछेद शस्त्रक्रिया यांचा तुलनात्मक परामर्श
(सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

कमरेच्या मणक्यांची झीज हा वाढत्या वयाचा व कष्टाच्या कामाचा सार्वत्रिक परिणाम आहे. या विकारावरील शस्त्रक्रिया पूर्वी केवळ खुल्या पद्धतीने होत असे. गेल्या काही दशकांत सूक्ष्मदर्शक, नळी व दुर्बीण यांच्या साहाय्याने लहान छेदातून शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र विकसित झाले. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचे स्वरूप, त्यांच्या परिणामांविषयी उपलब्ध असलेला शास्त्रीय पुरावा आणि सातारा व सांगली या जिल्ह्यांतील श्रमजीवी रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व यांचा विचार केला आहे. छेदाच्या आकारापेक्षा शस्त्रक्रियेची गरज, तिचे उद्दिष्ट आणि शस्त्रक्रियेनंतरचे काम हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : मणक्यांची झीज, चकती, सायटिका, खुली शस्त्रक्रिया, अल्पछेद शस्त्रक्रिया, माथाडी, संमती.

१. प्रस्तावना

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील सातारा व सांगली हे जिल्हे शेती व श्रम यांच्या आधारावर उभे आहेत. ऊस, हळद व द्राक्षे ही येथील प्रमुख नगदी पिके होत. ऊसतोडणीचे काम करणारा मजूर दिवसभर कमरेत वाकून ऊस बुडख्याशी तोडतो आणि नंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढवितो. यांतील बहुसंख्य मजूर मराठवाड्यातून हंगामापुरते येथे येतात. सांगलीच्या हळदीच्या पेठेत हमालांच्या पाठीवरून पोती वाहिली जातात. पाटण, जावळी यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील अनेक पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून राबल्या. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळेचे होते. त्यांच्या चळवळीच्या काळातच, म्हणजे १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम सुचविली होती. आपल्याकडे मात्र शंभर किलोचे पोते एका माणसाच्या पाठीवर देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. या पार्श्वभूमीवर कंबरदुखी हा येथील घराघरांतील परिचित विषय असल्यास नवल नाही. ‘मणक्यात गॅप पडली’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्दप्रयोग आज गावोगाव ऐकू येतात.

वैद्यकीय सेवेच्या दृष्टीने हा प्रदेश मागासलेला नाही. डॉ. विल्यम जेम्स वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे मिशन रुग्णालय सुरू केले व मिरजेचा वैद्यकीय नगरी म्हणून लौकिक होण्यास प्रारंभ झाला. दक्षिण महाराष्ट्राबरोबरच उत्तर कर्नाटकातील रुग्णही येथे येत राहिले. १९६२ मध्ये मिरज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तर कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सेवा जवळ आल्यामुळे रुग्णापुढील प्रश्नाचे स्वरूप बदलले. शस्त्रक्रिया कोठे होईल, या प्रश्नाची जागा आता शस्त्रक्रिया करावी का आणि केल्यास कोणत्या पद्धतीने, या प्रश्नाने घेतली आहे.

२. झिजेचे स्वरूप

कमरेच्या भागात पाच मणके असतात. लगतच्या दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच बोलीभाषेत गादी म्हणतात. चकतीच्या बाहेरील बाजूस तंतूंचे चिवट कडे आणि मध्यभागी पाणीदार गर असतो. प्रौढ वयात चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर अवलंबून असते. त्यामुळे झालेली इजा भरून काढण्याची तिची क्षमता मर्यादित राहते. वयानुसार गरातील पाणी कमी होते, चकतीची उंची घटते आणि भार मागील बाजूच्या लहान सांध्यांवर येऊ लागतो. हे सांधे सुजतात, हाडाला कंगोरे फुटतात आणि कण्याच्या पोकळीतील पिवळा अस्थिबंध जाड होतो.

या एकाच प्रक्रियेतून प्रामुख्याने तीन वेगळे विकार उद्भवतात. पहिल्यात तंतूंचे कडे फाटून गर बाहेर येतो व नसेच्या मुळावर दाब पडतो. कंबरेतून नितंब, मांडी व पोटरीपर्यंत जाणारी सायटिकाची कळ हे त्याचे लक्षण होय. हा प्रकार बहुधा खालच्या दोन चकत्यांमध्ये आणि तुलनेने तरुण वा मध्यम वयात आढळतो. दुसऱ्या विकारात कण्याची पोकळी अरुंद होते. असा रुग्ण थोडे चालला की त्याचे पाय भरून येतात, परंतु पुढे वाकल्यास किंवा बसल्यास त्याला आराम पडतो. सायकल चालविताना वा हातगाडीवर रेलून चालताना त्याला फारसा त्रास होत नाही, कारण पुढे वाकल्यावर पोकळी किंचित रुंदावते. तिसऱ्या विकारात एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरतो. झिजेमुळे होणारा हा प्रकार पन्नाशीनंतरच्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

ओझ्याचा कण्यावर होणारा परिणाम तरफेच्या साध्या नियमाने समजून घेता येतो. वीस किलोची वस्तू कण्यापासून चाळीस सेंटिमीटर अंतरावर हातात धरली आणि तिला तोलणारे पाठीचे स्नायू कण्यापासून पाच सेंटिमीटर मागे आहेत असे मानले, तर त्या स्नायूंना आठपट म्हणजे सुमारे १६० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. चकतीवर पडणारा दाब या दोहोंच्या बेरजेइतका असतो. वाकलेल्या शरीराचे स्वतःचे वजन त्यात आणखी भर घालते. वस्तू शरीराजवळ धरून उचलण्याचा सल्ला याच गणितावर आधारलेला आहे. तथापि झीज केवळ ओझ्यामुळे होत नाही. आनुवंशिकता, वय व धूम्रपान यांचाही तीत वाटा असतो.

३. चित्र आणि दुखणे

एम.आर.आय. या तपासणीमुळे चकतीची प्रत्येक सुरकुती दिसू लागली. मात्र दिसते ते दुखतेच असे नाही. ब्रिंजिक्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या व्यक्तींचे हे अभ्यास होते. त्यांत वीस वर्षे वयाच्या ३७ टक्के व्यक्तींमध्ये चकतीची झीज आढळली, तर ऐंशी वर्षांच्या वयोगटात हे प्रमाण ९६ टक्के होते. म्हणजेच पन्नाशीतील शेतकऱ्याच्या अहवालात ‘चकती फुगलेली’ असा उल्लेख असणे ही पुष्कळदा केसांच्या पांढरेपणासारखीच गोष्ट असते. लक्षणे, प्रत्यक्ष तपासणी व चित्र या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विचार करणे शास्त्रसंमत नाही.

येथे एक स्थानिक सावधगिरीही महत्त्वाची आहे. सांगली व मिरज यांच्या दरम्यानच्या वान्लेसवाडीचे नाव क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाशी निगडित आहे. क्षयरोग हा आजही आपल्या देशातील मोठा विकार आहे आणि तो मणक्यांनाही होतो. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री वाढणाऱ्या वेदना अशी लक्षणे असतील तर ती झीज आहे असे गृहीत धरता येत नाही. असा रुग्ण केवळ वेदनाशामक गोळ्यांवर वा मालिशवर राहिला तर मौल्यवान काळ वाया जातो.

सायटिकाच्या बाबतीत काळ हाच अनेकदा उपचार ठरतो. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेते. नेदरलँड्समध्ये प्योल व सहकाऱ्यांनी २८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या या रुग्णांपैकी एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली, तर दुसऱ्या गटास प्रथम औषधोपचार देण्यात आले. बरे वाटण्यास पहिल्या गटाला साधारण चार आठवडे व दुसऱ्या गटाला बारा आठवडे लागले. दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मात्र वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. शस्त्रक्रियेने येथे प्रामुख्याने वेळ वाचविला, असा याचा अर्थ होतो. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याच्यासाठी आठ आठवडे ही क्षुल्लक बाब नव्हे, हेही तितकेच खरे आहे.

४. दोन पद्धतींचा परिचय

चकतीतून बाहेर आलेला गर हेच सायटिकाचे कारण असल्याचे मिक्सटर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून या शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास सुरू होतो. खुल्या पद्धतीत पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेतला जातो. कण्याला चिकटलेले स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढून धरले जातात. मणक्याच्या मागील कमानीचा भाग काढून नस मोकळी केली जाते. शल्यविशारदाला संपूर्ण भाग डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. स्नायू हाडापासून सोडविल्याने व दीर्घकाळ ताणून धरल्याने त्यांना होणारी इजा, अधिक रक्तस्राव व शस्त्रक्रियेनंतरची वेदना हे तिचे दोष होत.

हे दोष कमी करण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. विल्ट्से यांनी १९६८ मध्ये स्नायू न सोडविता त्यांच्या दोन भागांमधून मणक्यापर्यंत जाण्याचा मार्ग वर्णन केला. १९७७ मध्ये यासारगिल व कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाचा उपयोग करून छेद काही सेंटिमीटरवर आणला. १९९७ मध्ये फोली व स्मिथ यांनी नळीची पद्धत मांडली. तीत एकाहून एक जाड अशा नळ्या क्रमाने सरकवून स्नायूतंतू न कापता बाजूला केले जातात आणि अखेरच्या सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून शस्त्रक्रिया केली जाते. संपूर्ण दुर्बिणीच्या पद्धतीत छेद एक सेंटिमीटरहून लहान असतो, वाहत्या क्षारद्रावणात दृश्य स्वच्छ ठेवले जाते आणि काही वेळा केवळ जागा बधिर करून काम भागते. इंग्रजीत या सर्व पद्धतींना ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यांना अल्पछेद शस्त्रक्रिया म्हटले आहे.

मणके घसरले असतील तर काही वेळा ते स्क्रू व पिंजऱ्याच्या साहाय्याने एकमेकांशी जोडावे लागतात. चकतीच्या जागी मागील बाजूने हाड बसवून मणके सांधण्याची पद्धत भारतात रुजविण्यात मूळचे गोव्याचे व मुंबईत कार्यरत राहिलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांचे नाव घेतले जाते. ‘ताठ कणा’ हे त्यांचे आत्मचरित्र मराठी वाचकांना परिचित आहे. मणके जोडण्याची ही शस्त्रक्रियाही आज अल्पछेद पद्धतीने करता येते. त्वचेवरील लहान छिद्रांतून, क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली स्क्रू बसविले जातात.

५. तुलनात्मक पुरावा

छेद लहान म्हणजे परिणाम चांगला, असे समीकरण सामान्यतः मांडले जाते. प्रत्यक्ष अभ्यासांतून मिळणारे उत्तर त्याहून संमिश्र आहे. आर्ट्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३२८ सायटिका रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळीची पद्धत व सूक्ष्मदर्शकाची रूढ पद्धत यांची त्यात तुलना होती. वर्षअखेर चांगली सुधारणा झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण नळीच्या गटात ६९ टक्के, तर रूढ गटात ७९ टक्के होते. ज्या पद्धतीकडून अधिक लाभाची अपेक्षा होती, ती येथे किंचित मागेच राहिली. २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेनेही अल्पछेद पद्धतीत पायाची व कमरेची वेदना कमी होण्याचे प्रमाण कदाचित थोडे कमी असेल, परंतु हा फरक लहान आहे आणि जंतुसंसर्गाचा धोका कमी असू शकतो, असा निर्वाळा दिला.

तंत्र मात्र स्थिर राहिले नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील ६१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संपूर्ण दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही सूक्ष्मदर्शकाच्या खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा निकृष्ट नसल्याचे दिसून आले. म्हणजेच प्रशिक्षित हातांत दोन्ही मार्ग जवळपास एकाच मुक्कामी पोहोचतात.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत अल्पछेद पद्धतीचे तात्कालिक लाभ अधिक स्पष्ट आहेत. रक्तस्राव कमी होतो, रुग्णालयातील वास्तव्य घटते आणि रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. दीर्घकालीन वेदना, कार्यक्षमता व हाड जुळून येण्याचे प्रमाण मात्र दोन्ही पद्धतींत सामान्यतः सारखेच आढळते. याउलट अल्पछेद पद्धतीत क्ष-किरणांचा मारा अधिक होतो, उपकरणे महाग असतात आणि तंत्र आत्मसात होईपर्यंत शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागतो. नळीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात नवशिक्याकडून गर अपुरा निघण्याचा वा नसेचे आवरण फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे शल्यविशारदाचा त्या विशिष्ट तंत्रातील अनुभव हा पद्धतीच्या नावापेक्षा महत्त्वाचा निकष ठरतो.

६. जोडावे की केवळ मोकळे करावे?

खुले की अल्पछेद, या चर्चेत एक अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. नसा मोकळ्या करणे पुरेसे आहे की मणके स्क्रूने जोडणेही आवश्यक आहे, हा तो प्रश्न होय. स्वीडनमध्ये फोर्श्ट व सहकाऱ्यांनी २४७ रुग्णांवर केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अरुंद पोकळीच्या रुग्णांना मणके जोडल्याने अधिक लाभ झाला नाही. मणका घसरलेल्या रुग्णांबाबतही निष्कर्ष तोच होता. त्याच वर्षी अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या लहान अभ्यासात जोडणी केलेल्यांचे जीवनमान किंचित अधिक सुधारल्याचे आढळले. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या अभ्यासात केवळ नसा मोकळ्या केलेल्या गटातील ७१.४ टक्के व जोडणी केलेल्या गटातील ७२.९ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली. हा फरक नगण्य होय.

याचा अर्थ जोडणी कधीच करू नये असा नाही. मणके अस्थिर असतील, कणा वाकडा झाला असेल वा नस मोकळी करताना सांध्याचा मोठा भाग काढावा लागणार असेल तर ती आवश्यक ठरते. परंतु अनावश्यक जोडणी लहान छेदातून केली म्हणून ती आवश्यक होत नाही. उलट, मोठ्या छेदाची भीती नाहीशी झाल्याने गरजेची मर्यादा सैल होण्याचा धोका संभवतो. ‘बिनटाक्याची’ अशा आकर्षक शब्दांमागे छेदाच्या आत नेमके काय केले जाणार आहे, हे रुग्णाला कळणे अत्यावश्यक आहे.

७. श्रमजीवी रुग्णाचा प्रश्न

वरील सर्व अभ्यास ज्या समाजांत झाले तेथे आजारपणाची रजा, विमा व हलक्या कामाचा पर्याय बहुधा उपलब्ध असतो. हळदीच्या पेठेतील हमाल वा ऊसतोडणी मजूर यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचे यश वेदनेच्या मोजपट्टीवर संपत नाही. पुन्हा पोते उचलता येईल का, हाच त्यांचा प्रश्न असतो. लहान छेदामुळे तो काही दिवस लवकर घरी जाईल, परंतु झिजलेली चकती कोणत्याही पद्धतीने पूर्ववत होत नाही. लवकर बरे वाटल्यामुळे लवकर ओझे उचलले गेले, तर उरलेला गर पुन्हा बाहेर येण्याची शक्यता राहते. म्हणून कामावर परतण्याचे टप्पे, पाठीच्या स्नायूंचे व्यायाम आणि शक्य असल्यास कामात बदल ही उपचाराचीच अंगे मानावी लागतात.

खर्चाचा हिशेबही दुहेरी आहे. अल्पछेद शस्त्रक्रियेत उपकरणांचा खर्च अधिक असतो, तर रुग्णालयातील दिवस व बुडालेली मजुरी कमी असते. रुग्णाबरोबर थांबणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी मात्र कोणत्याही बिलात दिसत नाही. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व तेव्हा सातारा-सांगलीस तिचा लाभ मिळू लागला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. प्रारंभी प्रतिकुटुंब दीड लाख रुपये असलेली मर्यादा पुढे पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आली. अशा योजनांत प्रत्येक उपचाराचा दर निश्चित असतो. त्यामुळे रुग्णाने शस्त्रक्रियेची पद्धत ठरण्यापूर्वीच ती योजनेत बसते का व वरचा खर्च कोणता, हे विचारून घेणे हिताचे असते. जमीन वा दागिना गहाण टाकून महागडी पद्धत निवडताना तिचा दीर्घकालीन लाभ सिद्ध झालेला आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते.

८. विलंब न चालणारी लक्षणे

वाट पाहण्याचा सल्ला सर्वांना लागू होत नाही. लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता येणे, पाऊल झपाट्याने लुळे पडणे ही लक्षणे कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगा दबल्याची सूचना देतात. अशा वेळी तातडीने, शक्यतो ४८ तासांच्या आत, नसा मोकळ्या करणे इष्ट असते. जत, आटपाडी वा पाटणच्या दुर्गम वाडीतील रुग्णाने ‘उसण भरली’ म्हणून अंग चोळून घेण्यात दोन दिवस घालविले तर पुढे कोणतीही पद्धत त्याची हानी पूर्णतः भरून काढू शकत नाही. अशा रुग्णासाठी खुली की अल्पछेद हा विचार गौण ठरतो. जी शस्त्रक्रिया सुरक्षितपणे व सर्वांत लवकर उपलब्ध होईल, तीच योग्य होय.

९. निष्कर्ष

१. तातडीची लक्षणे नसल्यास सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांना प्रथम काही आठवडे शस्त्रक्रियेविना उपचार देणे उचित ठरते.

२. केवळ एम.आर.आय. अहवालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येत नाही.

३. अल्पछेद पद्धतीचे लाभ प्रामुख्याने पहिल्या काही दिवसांचे व आठवड्यांचे आहेत. दीर्घकालीन परिणाम दोन्ही पद्धतींत बव्हंशी समान आढळतात.

४. मणके जोडण्याची गरज हा छेदाच्या आकारापेक्षा मोठा प्रश्न असून त्याविषयी रुग्णाने स्वतंत्र दुसरे मत घेणे योग्य होय.

५. शल्यविशारदाचा अनुभव, उपलब्ध साधने, रुग्णाचा व्यवसाय व आर्थिक स्थिती यांचा एकत्रित विचार करूनच पद्धतीची निवड व्हावी.

रुग्णाची संमती म्हणजे छापील अर्जावरील सही किंवा अंगठा नव्हे. कशासाठी, कोणत्या मार्गाने, कोणत्या खर्चात आणि त्यानंतर कोणते काम करता येईल, या चार गोष्टी त्याला त्याच्या भाषेत कळल्यानंतरच ती संमती ठरते. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकणारी मुलेच अनेक कुटुंबांत वैद्यकीय अहवाल वाचून दाखवितात आणि आईवडिलांच्या वतीने डॉक्टरांशी बोलतात. या विषयाची प्राथमिक माहिती वर्गापर्यंत पोहोचल्यास त्या घरातील निर्णय अधिक डोळसपणे होऊ शकेल. दुसरीकडे, झीज झाल्यानंतरच्या उपचारांइतकेच ती टाळण्याकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे. पोत्याचे वजन कमी करणे, चढउतारासाठी यंत्रांची जोड देणे आणि कामगाराच्या विश्रांतीची व्यवस्था करणे हे उपाय शस्त्रक्रियागृहाबाहेरचे आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी बाजार समित्या, साखर कारखाने व शासन यांच्याच हाती आहे.